केसगावचं दफ्तर

१

"विहीर चोरीला गेली, सर," अण्णाराव दारातूनच म्हणाला आणि शेषेराव सरांच्या कपातला चहा बशीत सांडला.

"अरे, विहीर कुणी उचलून नेतं का?"

"विहीर जागेवरच हाय. तिचा कागद गेला. म्हंजी विहीर गेल्यातच जमा."

अण्णाराव हा सरांचा जुना विद्यार्थी, नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथालयात नोकरीला. घरातली पुस्तकंसुद्धा विषयवार लावणारा शांत माणूस. आज मात्र त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. सरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि एकेक गोष्ट काढून घेतली.

हकिकत अशी होती. अण्णारावची आई केवळाबाई चाकूरजवळ केसगावात एकटी राहायची. दोन एकर रान आणि त्यात एक विहीर. साल १९८३, उन्हाळ्याचे दिवस. लातूर जिल्हा होऊन अजून वर्षही झालं नव्हतं आणि पावसानं पाठ फिरवली होती. गावातल्या साऱ्या विहिरींचे तळ उघडे पडले. केवळाबाईच्या विहिरीत तेवढं पुरुषभर पाणी होतं. आता पाणी दिसलं की मालक उगवतातच. शेजारचे व्यंकटराव म्हणायला लागले, विहीर आमच्या आज्यानं खांदली, रान आमचं, ह्या लोकांना नुसतं कसायला दिलेलं.

"वडलांच्या ट्रंकेत एक चिठ्ठी हाय," अण्णाराव म्हणाला. "पंधरा वर्सांमागं जुन्या जिल्ह्याच्या गावी कुण्या मुन्शीनं निजामाच्या वक्ताचं उर्दू रजिस्टर बघून लिवून दिलेली. 'केसगाव, विहिरीची नोंद, पान तीन.' रजिस्टर आता लातूरला आलं. मी नकलेचा अर्ज केला. परवा पान तीन उघडलं, तर त्यात आमच्या आज्याचं नावच न्हाई!"

"पान फाडलंय का?"

"फाडलेलं दिसत न्हाई. दुसरंच काहीतरी लिवलंय म्हणं. कचेरीतल्या साहेबांनी गठ्ठा लाख लावून बंद केला. सोमवारी अकराला सुनावणी. त्या दिवशी अर्जात जे पान लिवलंय तेवढंच उघडणार. नोंद निघाली तर विहीर आईची, न्हाईतर व्यंकटरावांची. आई म्हणती, विहीर गेली तर मी गावात राहून काय करू?"

"मग पोलिसात जायचं सोडून माझ्याकडं कसा आलास?"

"एक शब्द कुठून आला ते हुडकायला तुम्ही दोन हजार वर्सं मागं जाता, सर. एक पान कुठं गेलं ते दोन दिवसांत न्हाई हुडकणार?"

निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले, पुढं तीस वर्षं मराठी शिकवलेले सर निवृत्तीनंतर मराठवाड्याच्या बोलीत मुरलेल्या फारसी-अरबी शब्दांचा कोश करत होते. गाडी 'द'पर्यंत आली होती. आणि योगायोग बघा, त्या सकाळी टेबलावर जे कार्ड पडलं होतं, त्यावर शब्द होता 'दफ्तर'. सरांनी ते खिशात घातलं आणि अण्णारावला घेऊन लातूरची एसटी धरली.

२

नव्या जिल्ह्याचे कागद एका भाड्याच्या इमारतीत ठेवले होते. रंग नवा, पंखा नवा, वास मात्र जुन्या कागदांचा. कागद सांभाळणारा मन्मथ तिशीतला, कपाळावर भस्माचे पट्टे. शनिवार असल्यानं तो घरी निघायच्या घाईत होता.

"केसगावचं दफ्तर कुठंय?" सरांनी विचारलं.

"दफ्तरातच उभे हाव की तुमी!" मन्मथ म्हणाला.

बस्स! सरांचे डोळे चमकले. बघा, पोराच्या पाठीवरची पिशवी म्हणजे दफ्तर. रुमालात बांधलेला कागदांचा गठ्ठा म्हणजे दफ्तर. गठ्ठे ठेवायची खोली दफ्तर आणि ती खोली चालवणारी कचेरीही दफ्तरच. एका शब्दाच्या पोटात चार वस्तू! हलवाहलवीच्या यादीत नुसतं 'केसगाव, दफ्तर एक' असं लिहिलं असेल, त्या गठ्ठ्यात दोन रजिस्टरं असतील, एक मागंच राहिलं असेल. एसटीतून उतरून अर्धा तास झाला नव्हता आणि सरांनी रहस्य सोडवूनसुद्धा टाकलं.

मन्मथनं टाइप केलेली यादी पुढं सरकवली. 'केसगाव. रजिस्टर एक. पानं बासष्ट.' दफ्तर हा शब्दच त्यात नव्हता.

सरांचा चेहरा पडला. शब्दांवर जीव जडलेल्या माणसाचं असंच होतं. कुलूप दिसलं की तो आधी आपल्या शब्दाची किल्ली घालून बघतो. अण्णाराव खिडकीबाहेर बघत राहिला.

"साडेतीनशे रजिस्टरं आणली, सर," मन्मथ सांगू लागला. "जुन्या पानांच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या. जुने आकडे गेलेले. म्हणून निघायच्या आधी दोन दिवस बसून मी सोता निळ्या पेन्सिलीनं नवे आकडे घातले. केसगावला एक ते बासष्ट. ट्रकमंदी गठ्ठ्यांवरच झोपलो. हितं येऊन परत मोजलं, बासष्ट. माजेच आकडे, माजंच अक्षर. आता तुमीच सांगा, पान बदललं कुणी?"

"तुम्हाला उर्दू येतं?"

"अलिफ का बे म्हाईत न्हाई. म्हणून तर मुन्शीला बोलावतो." मन्मथचा आवाज एकदम खाली आला. "माज्यावर बालंट येऊन राहिलं सर. नोकरी पक्की व्हायचीय अजून."

म्हणजे पान बाहेर गेलं नव्हतं आणि नवं पान आतही आलं नव्हतं. मग नोंद गेली कुठं? आता राहिला होता एकच माणूस. परवा ते पान त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणीच वाचलं नव्हतं.

३

बंदेनवाज मुन्शी गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत राहत. वय सत्तर, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या. अण्णारावला बघताच ते उठून उभे राहिले.

"आओ. तुमीबी बोला. सारं लातूर बोलून राहिलंय, मुन्शी व्यंकटरावाला बिकला."

अण्णारावची मान खाली गेली. तो तसं बोलला होता हे उघडच होतं.

"मी ऐकायला आलोय, मुन्शीजी," सर म्हणाले. "परवा काय काय झालं ते पहिल्यापासून सांगा."

"कायदा असा हाय की वाचणाऱ्यानं कागदाला हात लावायचा न्हाई. मी कचेरीतल्या जाळीच्या ह्या बाजूला, मन्मथ त्या बाजूला. पोरगा इमानदार, पण त्यानं रजिस्टर पहिले उलटंच धरलं! मी बोललो, बाबा, आसमान वर असतं, जमीन खाली. मग त्यानं सीधं केलं, बाकीचं रजिस्टर मागं दुमडलं आणि तीन नंबरचं पान जाळीला लावलं. मी वाचलं. वरती बेरीज. गावात विहिरी दोन, आंब्याची झाडं एकोणीस. खाली पटवारीची सही आणि काळी मोहर. बस. कसम खातो."

"आणखी काही?"

"आणखी काही असतं तर लपवलं असतं का? माणसाच्या तोंडचं पाणी हिसकायला मी काय मोहरमच्या गोष्टीतला यजीद हाय?"

सर विचारात पडले. लबाड माणूस 'पान कोरं होतं' म्हणाला असता, 'शाई उडाली' म्हणाला असता. एकोणीस आंबे कशाला मोजत बसेल? म्हातारा खरं बोलत होता, ह्याबद्दल सरांना आता शंका उरली नाही.

उठता उठता त्यांना राहवलंच नाही. "मुन्शीजी, दफ्तर म्हटलं की तुमच्या मनात काय येतं?"

"शिकायतींचा दफ्तर," मुन्शी कडवट हसले. "आमचे शायर लोक तोच तर खोलून बसतात. माजा आज कुणी ऐकून घेतला."

सरांनी कार्डावर पाचवा अर्थ टिपला. पण मन्मथ खरा, मुन्शी खरे, चिठ्ठीही खरी आणि नोंद मात्र नाही! तीन खऱ्यांची बेरीज खोटी कशी येते, हे काही सरांना उमगेना.

४

रविवारी सकाळी चाकूरपर्यंत एसटी आणि पुढं जीप. केवळाबाई विहिरीवरच भेटली. साठीची, काटक, बोलायला फटकळ. सरांना तिनं बाभळीखाली बसवलं आणि आधी पाणी दिलं.

"कागुद घावला का?"

"नाही अजून."

"मंग काय घावलं?"

सरांनी ओशाळून कार्ड काढलं. "एक शब्द. दफ्तर."

"आत्ता गं बया!" केवळाबाईनं कपाळाला हात लावला. "हितं विहीर चालली अन् मास्तर शब्द येचून राहिले! दफ्तर म्हाईत हाय की मला. खताच्या पोत्याचं शिवलं व्हतं ह्या अण्ण्याला. पाचवीपातूर पुरलं. ह्यो रोज त्येच उशाला घिऊन झोपायचा."

"आई!" अण्णाराव लाजला.

"पण हा शब्द आला कुठून, ठाऊक आहे का?" सरांचं घोडं आता आवरणार नव्हतं. "काही पंडित म्हणतात, फार जुन्या काळी मातीच्या पाटीला 'दुब' म्हणत, त्यापासून. पण बहुतेकांचं मत वेगळं आहे. ग्रीक लोकांत 'डिफ्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं. त्यावर लिहायचे. ग्रीकांकडून तो शब्द इराणात गेला, तिथून घोड्यावर बसून आपल्याकडं आला. घटसर्पाला डॉक्टर डिप्थेरिया म्हणतात ना? तोही ह्याच शब्दाचा भाऊ. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून. तेव्हा दफ्तर म्हणजे मुळात कातडं."

केवळाबाई शेंदायची थांबली. दोर तसाच हातात धरून तिनं सरांकडं पाहिलं.

"कशाचं कातडं? ढोराचं?"

"ढोराचंच."

"म्हंजी," ती सावकाश म्हणाली, "माजा सासरा मेलेलं ढोर वढतो, म्हून त्येला कचेरीची पायरी चढू देत नव्हते. अन् कचेरीचं नावच कातडं!" आणि मग ती अशी खळखळून हसली की बाभळीवरचे कावळे उडाले. अण्णारावही हसला. चार दिवसांत तो पहिल्यांदाच हसत होता.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "शब्द लई ग्वाड हाय, मास्तर. पर त्येनं पानी न्हाई लागत. तुमी व्यंकटरावाला भेटा. त्यो वंगाळ मानूस न्हाई. त्येची जनावरं तहानेनं हंबरून राहिलीत, म्हून त्येची मती फिरली."

५

व्यंकटरावांच्या गोठ्यात दोन खुंटे रिकामे होते. बाकीच्या बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. व्यंकटरावांनी सरांना चहा दिला, पण बोलण्यात नरमाई नव्हती.

"आमचा आजा नरसिंगराव. त्यो सांगायचा, त्या विहिरीवर मी हुबा व्हतो म्हून. मंग विहीर कुणाची?"

"उभं राहिल्यानं विहीर आपली होते का?"

"कागुद दाखवा, मी गप बसतो. अन् कागुद कसा असावा, ते आमाला शिकवू नका." त्यांनी लाकडी पेटीतून आजोबांचं एक जुनं खरेदीखत काढलं आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही सही, ह्यो शिक्का. आमचा आजा म्हणायचा, सही-शिक्का झाला की लिवणं संपलं. शिक्क्याच्या म्होरं काय लिवलेलं दिसलं तर समजावं, कागुद खोटा."

सरांचा कप तोंडापाशीच थांबला.

सही-शिक्का झाला की लिहिणं संपलं. आणि केसगावच्या रजिस्टरात सही, शिक्का आणि साऱ्या गावाची बेरीज कुठं होती? तिसऱ्या पानावर! बासष्ट पानांचं रजिस्टर, पटवारी तिसऱ्याच पानावर बेरीज मारून मोहर कशी उठवील? अजून विहिरी मोजायच्या, आंबे मोजायचे, जवळजवळ साठ पानं लिहायची बाकी!

"काय झालं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"काही नाही. चहा फार चांगला होता," सर म्हणाले आणि चपला उलट्यासुलट्या पायात घालून बाहेर पडले.

वाटेत त्यांनी अण्णारावचा दंड धरला. "अरे, आपण सगळे गाढव! तू, मी, मन्मथ! उर्दू पुस्तक कुठल्या बाजूनं उघडतं?"

"उजवीकडून."

"आणि उर्दूचा अलिफही न येणारा मन्मथ आकडे घालायला बसला, तेव्हा त्यानं कुठून उघडलं असेल? ज्याला वर-खाली कळलं नाही, त्याला पुढं-मागं काय कळणार? आपल्या सवयीनं डावीकडून उघडलं आणि शेवटच्या पानावर घातला एक! शेवटून तिसऱ्या पानाला तो तीन म्हणतोय, त्याच्यापुढची दोन कोरीच असणार. जुने आकडे वाळवीनं खाल्लेले, मुन्शींना जाळीतून एकच पान दिसलेलं. कुणी चोरलं नाही रे, कुणी खोटं बोललं नाही! नोंद जिथं होती तिथंच आहे, दुसऱ्या टोकाला!"

अण्णारावनं रस्त्यातच बोटं मोजली. "शेवटचं पान एक, तर पहिलं बासष्ट. दुसरं एकसष्ट. तिसरं साठ. पान साठ, सर!"

"पान साठ. उद्या सकाळी नवा अर्ज टाकायचा."

६

सोमवारी दहा वाजता, अर्ज लिहून खिशात ठेवून, दोघं मुन्शींना घ्यायला गेले. आधी अण्णारावनं त्यांचे पाय धरले. मुन्शींनी त्याला उठवलं, सगळं ऐकून घेतलं आणि आनंदानं दोन्ही मांड्यांवर थापा मारल्या.

"उलटं धरणारा पोरगा! मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. दाखवा अर्ज."

अर्ज डोळ्यांशी नेऊन त्यांनी वाचला आणि त्यांचं हसू एकदम विरलं.

"साठ? नक्को! साठ लिहिलं तर विहीर गेली!"

"का? हिशेब तर बरोबर आहे."

"हिसाब तुमचा आहे, दस्तूर पटवाऱ्यांचा आहे. मी पोरगा असताना पटवारीच्या हाताखाली अशी रजिस्टरं लिहिलीत. पहिलं पान कोरं सोडायचे. मुसलमान असला तर वरती बिस्मिल्ला, हिंदू असला तर श्री. ते देवाचं पान. देवाच्या पानाला आकडा घालत न्हाईत. हिसाब दुसऱ्या पानापासून सुरू."

सरांनी बोटांवर पुन्हा मोजलं. जुन्या पटवाऱ्यानं न मोजलेलं पान मन्मथनं मोजलं होतं. म्हणजे बासष्ट देवाचं, एकसष्ट म्हणजे जुनं एक, साठ म्हणजे जुनं दोन. आणि जुनं तीन? एकोणसाठ!

"साडेदहा झाले," अण्णाराव म्हणाला.

मुन्शींच्या ओट्यावरच सरांनी नवा कागद घेऊन दुसरा अर्ज लिहिला. अक्षर वेडंवाकडं आलं, पण आकडा स्वच्छ काढला. मग मुन्शींना मधे घेऊन तिघं रस्त्यानं अक्षरशः पळाले.

७

अकराला पाच मिनिटं असताना अर्ज साहेबांच्या टेबलावर पडला. बाकावर एका टोकाला केवळाबाई, दुसऱ्या टोकाला व्यंकटराव.

"पान तीनऐवजी एकोणसाठ? कारण काय?" साहेबांनी विचारलं.

सरांनी कारण सांगितलं. सांगताना मन्मथकडं बघायचं त्यांनी टाळलं, तरी मन्मथच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळायला लागलं होतं.

"पुन्हा संधी नाही. ह्या पानात नोंद नसेल तर अर्ज दफ्तरी दाखल," साहेब म्हणाले. दफ्तरी दाखल, म्हणजे कायमचा मातीआड. कार्डावर हा अर्थ लिहायचा राहिला होता. पण आज सरांना कार्ड काढायचा धीर झाला नाही.

लाख फोडली. रुमाल सुटला. मन्मथनं निळा आकडा दोनदा बघून एकोणसाठावं पान काढलं आणि जाळीला लावलं. ह्या वेळी त्यानं ते सरळ धरलं होतं.

मुन्शींनी चष्मा पुसला. एक ओळ मनात वाचली. मग दुसरी.

"बावडी एक, पक्की," मुन्शी मोठ्यानं वाचू लागले. "खोदनेवाला और मालिक, मानाजी वल्द सटवाजी, सटवाजीचा बेटा."

"सासरा!" केवळाबाई ओरडली. "माजा सासरा!"

"ठहरो बाई, अजून आहे. गवाह मौके पर हाजिर," मुन्शींनी व्यंकटरावांकडं बघितलं, "नरसिंगराव वल्द व्यंकटराव. दस्तखत."

साहेबांनी सरांना जाळीपाशी बोलावलं. सरांनी तेच अक्षरन् अक्षर वाचलं आणि मराठीत सांगितलं. विहीर मानाजीची, आणि ती मानाजीची आहे म्हणून सही करणारा साक्षीदार व्यंकटरावांचा आजा; त्याच्या बापाचंही नाव व्यंकटराव, तेच पुढं नातवाला ठेवलेलं. तो विहिरीवर उभा होता हे खरंच होतं. साक्षीला उभा होता.

साहेबांनी निकाल लिहायला घेतला. मुन्शी भिंतीला टेकून डोळे पुसत होते. मन्मथ जाळीमागून पुटपुटला, "म्हंजी चोर कुणीच न्हाई ना?" आणि अण्णारावनं जाळीतूनच त्याची बोटं घट्ट दाबली.

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. व्यंकटराव निंबाच्या सावलीत पटका हातात घेऊन उभे होते. केवळाबाई जवळ आली तशी त्यांनी मान वर केली. "आजा सांगायचा ते मी अर्धंच ऐकलं, केवळाबाई. कागुद दाखवा म्हणलं व्हतं. दावला तुमी. आता मी गप." आणि थोडं थांबून, जड जिभेनं, "जनावरं तेवढी..."

अण्णारावला वाटलं, आता आई तोडून बोलणार. बोलायचा तिला हक्कच होता.

"आना जनावरं," ती म्हणाली. "घागरीबी आना. मी लहान व्हते तवा तुमच्या लोकांनी वरून वतलं की मंग आमी वंजळीनं प्यायचो. आमी तसं कुणाला वरून वतत न्हाई. विहिरीवर या अन् सोताच्या हातानं शेंदून घ्या."

पटका झटकून व्यंकटरावांनी डोक्याला गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला.

"दोर आमचा आणतो," ते शेवटी म्हणाले.

"आना की. आमचा लई झिजलाय."